पिंजऱ्याचं दार उघडंच ठेवा

सकाळी सव्वासहाला आप्पा दुधाची पिशवी घ्यायला दाराकडे निघाले आणि तळपायाला काहीतरी टोचलं. सूर्यफुलाच्या बीचं साल. दोन पावलांवर आणखी एक, चपलांच्या स्टँडखाली तीन. एकतीस वर्षं मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात काढलेल्या माणसाला एवढी खूण पुरते. त्यांनी टीव्हीशेजारच्या स्टुलावरच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. कडी लागलेली, दार बंद, चाक थांबलेलं. खारी नव्हती.

खारी म्हणजे हॅमस्टर. चौथीतल्या नातवाने वाढदिवसाला हट्ट करून आणवलेली, खारी बिस्किटाच्या रंगाची, म्हणून खारी. डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात येऊन तिला चार महिने झाले होते आणि चार महिन्यांत आप्पांनी तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. विचारायची वेळ आलीच तर म्हणत, "तुमच्या उंदराला खायला घातलं का?"

सात वाजता घरात चौकशी बसली. आरोपी नातू. "कडी मी लावली होती," असं तो हुंदके देत सांगत होता. त्याची आई, म्हणजे आप्पांची सून, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ती एका हाताने त्याला थोपटत दुसऱ्या हाताने सोफा ओढत होती. मुलगा ऑफिसची बॅग भरता भरता म्हणाला, "गेली तर गेली, रविवारी दुसरी आणू. चारशे रुपयांची तर होती." यावर सून आणि सासरे, दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं की तो नेहमीच्या आधीची लोकल पकडायला निघून गेला. पुढच्या तीन दिवसांत त्या दोघांचं पूर्ण एकमत झालं ते एवढंच.

"सोफा सोड आधी," आप्पा म्हणाले.

"आप्पा, खाली कुठे अडकली असेल तर?"

"ओढलास तर चेंगरेल. घाबरलेलं जनावर फटीत शिरतं, आणि सोफ्याचा पाय कुठे टेकतोय ते तुला दिसत नाही. आणि ह्याला रडवू नका. ह्याने कडी लावली होती." त्यांनी पिंजरा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. खालच्या प्लास्टिकच्या ट्रेला, भिंतीकडच्या कोपऱ्यात, लिंबाएवढं भोक होतं. कडेवर बारीक, जोडीजोडीने उमटलेल्या खाचा. "एका रात्रीचं काम नाही हे. आठवडाभर तरी चाललंय. रात्री करकर ऐकू यायची ना? तुम्ही म्हणायचात, खेळतेय."

सुनेने भोकाकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. ती करकर तिनेही ऐकली होती.

मग आप्पांनी भराभर फर्मानं काढली. बाथरूमचं दार बंद, जाळीवर वीट. कमोडचं झाकण खाली. मुख्य दाराच्या फटीला जुना टॉवेल. वॉशिंग मशीन आज लावायचं नाही, ट्रॉल्या जोरात ढकलायच्या नाहीत, आणि शेजारच्या मांजराला आज दूध शेजारीच. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. वाद सुरू झाला तो सुनेच्या एका वाक्यावरून.

"आप्पा, तिला उंदीर म्हणू नका हो. कुळच वेगळं आहे. आपल्या घरातला काळा उंदीर, गटारातली घूस, ही सगळी एका कुळातली. हॅमस्टर दुसऱ्या कुळातला. हे म्हणजे मांजराला तरस म्हटल्यासारखं झालं."

"दात वाढतात का तिचे?"

"पुढचे दात जन्मभर वाढतात. सगळ्याच कृंतकांचे."

"झालं तर मग. ज्याचे दात वाढतात तो कुरतडणार. कूळ तू शिकव, दात मी बघतो."

आप्पांचा उंदरावरचा राग समजून घ्यायला हवा. मुंबईत रात्रपाळीचे मूषक संहारक एक काठी आणि एक बॅटरी घेऊन गल्लीबोळांत फिरतात. एका रात्रीत तीस उंदीर मारायचे असा त्यांचा कोटा. आप्पांची उमेदीची वर्षं परळ-लालबागच्या चाळींमागच्या घरगल्ल्यांत गेली. त्यांची आजी सांगायची की "उंदीर पडले" एवढे दोन शब्द कानावर आले की माणसं भांडीकुंडी उचलून गावाबाहेर माळावर झोपड्या घालायची. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला, पुढच्या वर्षी तो पुण्यात फैलावला आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांना उंदराची जी किळस आहे ती शेपटीपुरती नाही. आणि आप्पांच्या डोळ्यांसमोर तर १९९४ चं सुरतचं भय होतं, २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतरचा लेप्टो होता.

"मी उंदीर मारला तो द्वेषाने नाही," ते म्हणाले. "पण पैसे मोजून घरात आणून त्याला गाजर भरवायचं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. पाळायलाच नको होतं."

"आणलंय ना पण आता? मग नीट शोधायला नको?"

"शोधायला नको असं कुठे म्हणतोय मी?"

इतक्यात सुनेला काहीतरी आठवलं. तिचा आवाज बदलला. "आप्पा, ओट्याखाली काही ठेवलंय का तुम्ही?"

आप्पा गप्प. मग गुडघ्यावर हात टेकत ते खाली बसले, सिंकखालचं दार उघडलं आणि आतून पुस्तकासारखा उघडलेला एक पुठ्ठा काढला. त्यावर पिवळसर, तारा सुटणारा गोंद. मधोमध एक झुरळ आणि शेंगदाण्याचा तुकडा. सिलिंडरमागून दोन हिरव्या वड्या निघाल्या. एकीची कड खाल्लेली होती.

त्या खाल्लेल्या कडेकडे दोघंही बराच वेळ बघत राहिले. ती जुनी होती की कालची, हे सांगता येईना.

गोंदाच्या पुठ्ठ्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घराघरांत तो असतो आणि किराणा दुकानात काडेपेटीइतक्या सहज मिळतो. त्यावर अडकलेला प्राणी लगेच मरत नाही. सुटण्यासाठी ओढाताण करतो, कातडी सोलवटते, नाकातोंडाला गोंद लागला तर गुदमरतो. नाहीतर तहानेने मरायला दिवस लागतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये हे पुठ्ठे बंद करावेत असं राज्यांना लिहून कळवलं होतं. हरवलेला हॅमस्टर त्यावर सापडलाच तर ओढून काढायचा नाही. खाण्याचं तेल हलक्या हाताने पाय-पोटाखाली चोळत, मिलिमीटर-मिलिमीटरने सोडवायचा आणि पशुवैद्याकडे न्यायचा.

वड्यांचा प्रकार याहून वाईट आहे. ते आप्पांनीच सांगितलं, काहीसं खालच्या आवाजात. "जुनं औषध झिंक फॉस्फाइड. उंदीर खातो आणि थोड्या वेळात तडफडतो. बाकीचे ते बघतात, पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाहीत. म्हणून ही वडी आली. हिने रक्त गोठायचं थांबतं, पण तीन-चार दिवसांनी. तोवर उंदीर खातोय, पितोय, पळतोय. कशाने मरतोय ते त्यालाही कळत नाही, त्याच्या गोतावळ्यालाही नाही."

"म्हणजे ती आज सापडली, ठणठणीत दिसली, तरी..."

"तरी डॉक्टरकडे न्यायची. वडी बरोबर न्यायची, पाकिटासकट. यावर व्हिटॅमिन 'के' चालतं, पण वेळेत."

सुनेने त्यांना दोष दिला नाही. दिला असता तरी चाललं असतं; पण घरात हॅमस्टर आणताना ओट्याखाली काय ठेवलंय हे तिनेही विचारलं नव्हतं.

दुपारी न्यू जर्सीहून नणंदेचा फोन आला. तिचा सल्ला वेगळाच. तिच्याकडचा हॅमस्टर जानेवारीत तळघरात सापडला तेव्हा थंडगार, ताठ. पुरायला खोका काढला होता म्हणे. हातात धरून ऊब दिली तेव्हा दोन-तीन तासांनी मिश्या हलल्या. यात अतिशयोक्ती नाही. सोनेरी हॅमस्टर कडाक्याच्या थंडीत शीतनिद्रेत जातो, श्वास इतका मंद होतो की मेल्यासारखाच वाटतो. थंड देशातल्या घरात "मेला" असं ठरवायची घाई करू नये, हे खरंच. पण डोंबिवलीत एप्रिल होता. "इथे ती ऊब कशाला शोधेल?" आप्पा म्हणाले. "गारवा शोधेल. मोरी नाहीतर ओट्याखाली. नागपूर-चंद्रपूरकडे तर हे जनावर उन्हाळ्यात पाळूच नये." शेवटच्या वाक्यावर सूनही काही बोलली नाही, तिशीपलीकडचं तापमान हॅमस्टरला सोसवत नाही.

पहिल्या रात्री तीन खोल्यांत तीन वर्तमानपत्रं अंथरली गेली. प्रत्येकावर मोजून दहा सूर्यफुलाच्या बिया, भोवती कणकेचा पातळ थर. नातवाने रांगोळी सुचवली होती. "डोळ्यांत जाते," म्हणून आप्पांनी ती नाकारली. कागद भिंतीला लागूनच ठेवायचे, कारण उघड्यावरून कोणी कृंतक चालत नाही, भिंतीला अंग घासत चालतो. हे आप्पांना चाळींनी शिकवलं होतं आणि सुनेला पुस्तकाने. शब्द तेवढे निराळे.

सकाळी हॉलमधल्या दहा जागच्या जागी, बेडरूममधल्याही. स्वयंपाकघरातली एकही नाही.

"सालं नाहीत," सून वाकून म्हणाली. "म्हणजे इथे खाल्ल्या नाहीत. गालात भरून नेल्या. तिच्या गालाच्या पिशव्या खांद्यापर्यंत जातात आप्पा, अख्ख्या दहा मावतात."

"थांब. आपल्या बिल्डिंगमध्ये दुसरेही आहेत." आप्पांनी दिवा मालवायला लावला, बॅटरी जमिनीला टेकवून आडवी धरली. तिरक्या उजेडात कणकेतला प्रत्येक ठसा सावलीसकट वर आला: पुढचे पंजे चार बोटांचे, मागचे पाच. ठशांच्या मधली पीठभरली जागा मात्र साफ, सपाट. ते बराच वेळ बघत राहिले. "उंदीर चालला की दोन पावलांच्या मधून शेपटीची रेघ जाते. इथे रेघ नाही." बॅटरी बंद करून ते उठले. "खारीच आहे."

नाव घेतल्याचं नातवाच्या लक्षात आलं. आप्पांच्या आलं नसावं.

आता पकडायचं कसं यावर मतभेद. सून म्हणत होती, पिंजरा जमिनीवर ठेवा, दार उघडं टाका, आत तिचाच जुना भुस्सा राहू द्या; ती घरी येईल. तिच्यापाशी आधार होता. जिनिव्हा विद्यापीठात आरियान एटिएन यांनी १९८० च्या दशकापासून सोनेरी हॅमस्टरवर प्रयोग केले. मोठ्या गोल रिंगणात, अंधारात, हॅमस्टरला आडवाटेने खाण्यापर्यंत न्यायचं. गाल भरले की तो परत फिरतो आणि सरळ रेषेत आपल्या घरट्याच्या दिशेने निघतो. खुणा दिसत नसल्या तरी आपण किती वळलो, किती चाललो याचा हिशेब त्याचं अंग ठेवतं. "ती पळून गेलेलीच नाही आप्पा. ती रात्रीच्या फेरीला निघाली. परत आली तेव्हा घर स्टुलावर होतं आणि ती जमिनीवर. हॅमस्टरला धड लांबचं दिसत नाही. उतरली असेल धडपडत, पण चढणार कशी?"

आप्पांनी हे नीट ऐकून घेतलं आणि मग त्यातली खोच काढली. "घर कुठलं, हे आता ती ठरवणार. दहा बिया तिने पिंजऱ्यात नाही नेल्या. जिथे साठा, तिथे बिऱ्हाड. जितक्या रात्री जातील तितकं ते पक्कं होईल."

म्हणून आप्पांची बादली. उंदरासाठी शेतात पाण्याने अर्ध्या भरलेल्या भांड्याची युक्ती वापरतात. इथे बादली कोरडी, तळाशी जुन्या सुती साडीचे तुकडे, मूठभर भुस्सा, काकडीची फोड. बाहेरून चढायला पायऱ्या: अकरावी-बारावीची जीवशास्त्राची जुनी पुस्तकं, उतरत्या चळतीत. वरच्या पुस्तकावर एक बी, बादलीच्या काठावर दुसरी. चढेल, वाकेल, आत पडेल, आणि गुळगुळीत प्लास्टिकवरून वर येता येणार नाही. शेवटी दोन्ही ठेवलं. पिंजरा एका भिंतीला, दार उघडं. बादली दुसऱ्या भिंतीला. मधल्या वाटेवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या, पाऊल पडलं की वाजाव्यात म्हणून.

दुसरी रात्र फुकट गेली. काकडीला कोणी शिवलं नाही. मुलाने पुन्हा रविवारचा विषय काढला. समोरच्या काकू येऊन म्हणाल्या, सापडली तर बागेत सोडून द्या हो, बिचारीला मोकळं आवडत असेल.

यावर सून जरा चढ्या आवाजातच बोलली. काकूंच्या भावनेत खोट नव्हती, माहिती चुकीची होती. सोनेरी हॅमस्टर भारतातला नाही. बागेत सोडलेला हॅमस्टर म्हणजे कावळ्याचा, घारीचा, मांजराचा घास. तो जगलाच, तर दुसरीच पंचाईत. हवाई बेटांवर हॅमस्टर पाळायलाच बंदी आहे, कारण तिथल्या हवेत सुटलेले हॅमस्टर रानात वाढतील ही भीती. आणि आपल्याकडे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, भुकेने-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. वडापावच्या दोन प्लेटा येतात तेवढ्यात.

तिसऱ्या रात्री तिघं अंधारात बसले. नातवाला जागं राहायची परवानगी मिळाली होती, अट एकच: कुजबुजायचं. वेळ जावा म्हणून सुनेने त्याला खारीच्या पणजीच्या पणजीची गोष्ट सांगितली. हीही एप्रिलचीच. १२ एप्रिल १९३०, सीरियातलं अलेप्पो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी एका गव्हाच्या शेतात खणायला लावलं. बरंच खोल गेल्यावर घरटं लागलं: एक आई आणि अकरा पिल्लं.

"कशाला हवी होती?"

"शॉल अ‍ॅडलर नावाचे एक शास्त्रज्ञ काळा आजारावर काम करत होते. चिनी हॅमस्टर प्रयोगशाळेत वीत नव्हते, म्हणून त्यांना जवळपासचे हवे होते."

"काळा आजार वालुमाशीने होतो," अंधारातून आप्पा म्हणाले. "आम्हाला ट्रेनिंगला होतं."

आईने एक पिल्लू तिथेच मारलं, म्हणून तिला दूर केलं. उरलेली दहा अहरोनी आणि त्यांच्या बायकोने हाताने वाढवली. एका रात्री ती सगळी सटकली. नऊ परत मिळाली. ती नऊ विद्यापीठाच्या प्राणिघरात गेली, तिथे पिंजऱ्याचा तळ लाकडी.

"लाकडी?" आप्पांना राहवलं नाही. "पत्रा नाही मारला?"

"नाही मारला. पाच जण कुरतडून बाहेर पडले आणि मेले."

"खात्यातला एक माणूस विचारला असता तरी सांगितलं असतं."

उरले चार. त्यांतल्या भावा-बहिणीपासून वर्षभरात दीडशेच्या घरात प्रजा झाली. १९३१ मध्ये अ‍ॅडलर यांनी काही हॅमस्टर कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला नेले, तिथून ते प्रयोगशाळांत पसरले आणि मागाहून घराघरांत. आज दुकानात दिसणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक सगळे त्या एका घरट्याचे वंशज. अलेप्पोभोवतीच्या शेतांत मात्र त्यांची मूळ जात धोक्यात आहे. तिथे १९९७ आणि १९९९ मध्ये संशोधकांनी तीस बिळं तपासली: सरासरी पासष्ट सेंटिमीटर खोल, तोंड चार-पाच सेंटिमीटर रुंद, आणि एकाही बिळात दोन प्रौढ नाहीत.

"म्हणजे तिला मैत्रीण आणायची नाही?" नातवाने विचारलं.

"कधीच नाही. मारामारी होईल, एक मरेल."

"तोंड चार-पाच सेंटिमीटर," आप्पा स्वतःशी म्हणाले. "त्या ट्रेला पाडलेलं भोकही तेवढंच होतं. तिने पिंजऱ्यात बीळ खणायला घेतलं होतं गं. खणायला माती नव्हती, म्हणून प्लास्टिक खणलं."

यावर सुनेने कबुली दिली. खरं तर ती कबुली पहिल्या सकाळपासूनच तिच्या ओठांवर अडली होती. स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये हाच प्रश्न तपासला होता. काही हॅमस्टरना दहा सेंटिमीटर भुस्सा, काहींना चाळीस, काहींना ऐंशी. दहावाल्यांनी गज कुरतडण्यात बाकीच्यांना कितीतरी मागे टाकलं. खोल भुस्सा मिळालेल्यांनी बिळं केली. जर्मनीतली पशुवैद्यांची प्राणिकल्याण संघटना हॅमस्टरसाठी किमान शंभर बाय पन्नास सेंटिमीटरची जागा सांगते. खारीचा पिंजरा चाळीस बाय तीसचा, भुस्सा दोन बोटं. दुकानदाराने "हॅमस्टरचाच आहे" म्हणून दिला होता. "मी शिकवते हे आप्पा. परीक्षेत विचारते. आणि घरात पोपटाचा पिंजरा आणला."

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या पिंजऱ्यात उंदीर एक रात्र असायचा. सकाळी सुटायचा, मरून का होईना. जन्मभर ठेवायचा पिंजरा मी कधी लावला नाही. म्हणून म्हणतो, पाळायलाच नको."

"आणि मी म्हणते, पाळलंय तर तिच्या मापाने पाळू."

हा वाद तिथे मिटला नाही, अजूनही मिटलेला नाही. कारण फॉइल वाजली.

एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आधी एकदा, मग थांबून दोनदा. नातू उठणार तेवढ्यात आप्पांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला. पुस्तकांच्या पायऱ्यांवर नखांचा खसखस आवाज. काठावर क्षणभर शांतता. मग धप्प.

"आता पळत जायचं नाही," आप्पा म्हणाले. "वरून हात आला की तिला घार वाटते. चावेल." त्यांनी बॅटरीवर बोटं ठेवून उजेड लाल केला आणि बादलीत डोकावले. खारी काकडीच्या फोडीवर बसली होती. घाबरलेली वगैरे काही नाही; एक गाल आधीच फुगलेला आणि दुसऱ्यात बी कोंबायचं काम चाललेलं. सुनेने तिच्यासमोर आडवा काचेचा ग्लास धरला, तो बीळ समजून ती स्वतःहून आत गेली. वजन सकाळी भरलं: एकशे अठरा ग्रॅम. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी. तरी आप्पांनी अर्धी वडी आणि पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं होतं. दहा वाजता छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे निघाले ते तेच. डॉक्टरांनी व्हिटॅमिनचं सांगितलं, आणखी आठवडाभर नजर ठेवायला सांगितलं आणि हात साबणाने धुवायला बजावलं. घराबाहेरच्या उंदराच्या मुतातून लेप्टो लागू शकतो आणि हॅमस्टरला तो फार लवकर धरतो. इतका, की लेप्टोच्या प्रयोगांसाठी जगभर हॅमस्टरच वापरतात.

रविवारी ट्रॉली पूर्ण काढली तेव्हा तिचं बिऱ्हाड सापडलं. पाइपामागच्या कोनाड्यात पोछ्याच्या फडक्याच्या चिंध्या गोल वळवलेल्या, शेजारी कोठार: सूर्यफुलाच्या सतरा बिया, चार हरभरे, शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळी आणि नातवाचं हिरवं खोडरबर, ज्यावरून शाळेत एका मुलाशी भांडण झालं होतं. हिरव्या वडीचा कण कुठेही नव्हता. आप्पांनी चिंधी अन् चिंधी उलगडून बघितली.

सुताराने प्लायवूडची पेटी केली, शंभर बाय पन्नास, समोर काच, वर जाळी. आतून चारही कोपऱ्यांना आणि तळाला पत्रा आप्पांनी स्वतः मारला. पत्र्याच्या कडा आत वळवल्या, हाताला लागू नयेत म्हणून. एका बाजूला चाळीस सेंटिमीटर भुस्सा. खारीने पहिल्याच रात्री त्यात बीळ पाडलं आणि तीन दिवस घरातल्या कोणाला दिसली नाही. करकर थांबली.

भंगारवाल्याने जुन्या पिंजऱ्याचे तीस रुपये दिले. त्याने तो धुऊन कोणाला विकू नये म्हणून आप्पांनी आधी तो पायाखाली चेपला.